सफरचंदाचा बाप्तिस्मा

लिन्केव बेटावर पाद्री वर्षातून दोनदा येतो, तेही समुद्राची मर्जी असेल तर. उरलेले दिवस देवाचं काम फिस्काल बघतो, बेटावरच्यांनीच आपल्यातून निवडलेला. रविवारची प्रार्थना त्याची. मुलांचा धर्मपाठ त्याचा. मरणाऱ्याचा हात धरायला तोच, आणि नंतर नऊ दिवस जपमाळ म्हणायलाही तोच. धुकं उतरलं की चॅपेलची घंटा वाजवायची, म्हणजे समुद्रावरच्यांना किनारा कुठे आहे ते कळतं. एखादं मूल जन्मतःच परत जायला निघालं, तर पाद्रीची वाट न बघता त्याचा बाप्तिस्मा उरकायचा. या सगळ्याबद्दल फिस्कालला चॅपेलची किल्ली मिळते, आणि कुणाच्याही घरी गेला तरी चुलीजवळची जागा मिळते.

रेकारेदो नावेलकिनने हे काम त्रेचाळीस वर्षं केलं.

तो मूळचा होड्या बांधणारा. पाद्र्यांची पुस्तकं त्याला जड जायची. म्हणून त्याने स्वतःचं एकच प्रवचन तयार केलं होतं, आणि तेच तो वर्षानुवर्षं सांगत आला.

"होडी बांधताना पहिलं काय ठेवतो आपण?" तो विचारायचा.

"कणा!" अख्खं चॅपेल म्हणायचं.

"विश्वास म्हणजे कणा. आणि आशा?"

"शीड!"

"कणा न ठेवता शीड उभारलं तर?"

"उलटते!" मुलं या शब्दाची वाटच बघत असायची. कुणीतरी बाकावरून खाली पडून दाखवायचं.

"आणि तारण?"

"पलीकडचा किनारा!"

"मग मारा वल्ही. आमेन."

याहून लांब प्रवचन बेटावर कुणाला नको असे. बायका चुलीवर बटाटे ठेवून आलेल्या असत.

अशा माणसाच्या पोटात एक गुपित होतं. ते त्याने एकेचाळीस वर्षं सांभाळलं. कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आणि खरं सांगायचं तर ते गुपित एका चंबूएवढंच होतं.

झालं होतं ते असं. रेकारेदोचं फिस्काल म्हणून दुसरं वर्ष. जून महिना, वादळ. खाडीपलीकडे ओतिलियाच्या घरी मुलगी जन्मली, ती निळी. रडेना, हलेना. सुईण ओरडली, "फिस्कालला बोलवा!" रेकारेदो खाडीला वळसा घालून धावत गेला. दुपार होती, पण आभाळ असं भरलेलं आणि स्वयंपाकघरात धूर असा कोंडलेला, की स्वतःचा हात स्वतःला दिसेना.

"पाणी!" तो म्हणाला.

"फळीवर!" कुणीतरी ओरडलं. त्याने फळीवरचा पांढरा चंबू उचलला. पोरीच्या डोक्यावर तीनदा ओतायचं होतं. पित्याच्या नावाने ओतलं. पुत्राच्या नावाने ओतलं. पवित्र आत्म्याच्या नावाने ओतलं, आणि तेव्हा त्याला वास आला.

सफरचंदाचा.

ती सफरचंदाची दारू होती. घरची, त्याच वर्षीच्या फळांची, नुकती कुठे आंबायला लागलेली. फिस्काल भिजून येईल, त्याला घोटभर लागेल, म्हणून काढून ठेवलेली. पाण्याचा चंबू तिच्या शेजारीच होता. तोही पांढरा.

रेकारेदोने शब्द पुरे केले. अर्ध्यावर थांबायचं तरी कसं? आणि तेवढ्यात पोरगी शिंकली. मग रडली. मग अशी रडली की वादळ ऐकू येईना.

घरातले सगळे गुडघ्यांवर. सुईण रडतेय, बाप रडतोय. "फिस्कालच्या विश्वासाने ओढून आणली पोरीला!" रेकारेदोने चंबू गुपचूप फळीवर परत ठेवला. उद्या पाणी घेऊन येऊ, असं त्याने ठरवलं. उद्या वादळ होतं. परवाही होतं. तोवर ही गोष्ट बेटाच्या पलीकडच्या टोकाला पोचली होती, आणि तिथून आणखी मोठी होऊन परत आली होती.

पुढे पाद्री आला. त्याने विचारलं, "शब्द बरोबर म्हटलेस ना?"

"एकही चुकला नाही, फादर."

पाण्याचं पाद्रीने विचारलं नाही. चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर पाण्याचं कोण विचारतं?

मुलीचं नाव एर्मिंदा ठेवलं.

एर्मिंदा मोठी झाली ती समुद्रावरच. शिंपल्यांचं काम करायची. भावांपेक्षा होडी चांगली हाकायची, आणि ते भावांना सांगायचीही. तिची पिवळी होडी पाण्यात शिरली, की इकडे रेकारेदोचा जीव खालीवर व्हायचा. धुकं पडलं की तो घंटा वाजवायचा. नाही पडलं तरी वाजवायचा.

"काका, ऊन पडलंय!" लोक खालून ओरडायचे.

"धुकं काय सांगून येतं?" तो वरून ओरडायचा.

पिवळी होडी वाळूला लागेपर्यंत तो दोरी सोडायचा नाही. मरियामातेच्या मूर्तीपुढे एक मेणबत्ती कायम असायची. कुणासाठी, ते कुणाला माहीत नव्हतं. देव काही कायद्याचा कीस काढत बसणारा नाही, हे रेकारेदोला पटायचं. चांगलं पटायचं. मग एर्मिंदा समुद्रावर जायची आणि पटेनासं व्हायचं. आपण एक होडी कण्याशिवाय पाण्यात सोडली आहे, असं त्याला वाटायचं. ती बुडाली तर या किनाऱ्याची नाही आणि त्याही किनाऱ्याची नाही.

मग त्याला एकोणऐंशीवं वर्ष लागलं. गुडघे गेले. प्रार्थनेला गुडघ्यांवर बसला, की उठवायला दोन माणसं लागायची, आणि तेवढ्यात लोकांची जपमाळ पुढे निघून जायची. बेटाने ठरवलं, नवा फिस्काल करू. हात वर करून निवड झाली. सगळे हात एर्मिंदाच्या नावाला वर गेले.

चॅपेलच्या सणाला, रविवारी, पाद्री येणार होता. त्याच्यासमोर किल्ली तिच्या हातात द्यायची होती.

रेकारेदोचं जेवण सुटलं. बायको लास्तेनिया त्याच्या ताटाकडे बघायची आणि म्हणायची, "काम सुटतंय म्हणून एवढं तोंड पाडायचं? बटाट्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

तो काय सांगणार? बाप्तिस्मा न झालेली बाई चॅपेलची फिस्काल होणार, आणि ते फक्त त्याला माहीत होतं. सांगावं, तर तिच्यासमोर उभं कसं राहायचं? न सांगावं, तर देवासमोर. आणि त्या भेटीला आता फार दिवस उरलेले नव्हते.

बऱ्याच विचारानंतर त्याला एक युक्ती सुचली. होडी बांधणारा माणूस. भोक सापडलं की आधी बोळा शोधणार.

गुरुवारी सकाळी एर्मिंदा शिकायला चॅपेलमध्ये आली. रबरी बूट, हातात प्रार्थनेची वही, अंगाला समुद्राचा वास. रेकारेदोने सगळी तयारी करून ठेवली होती. शालीत गुंडाळलेला एक भोपळा होता. झऱ्यावरून स्वतः भरून आणलेला चंबू होता. त्याचा वास त्याने वाटेत तीनदा घेतला होता.

"अडीअडचणीचा बाप्तिस्मा शिकवतो," तो म्हणाला. "हे बाळ."

"अगदी बापावर गेलंय," एर्मिंदा म्हणाली.

"थट्टा नको. डोकं असं धरायचं. तीनदा ओतायचं. शब्द स्पष्ट."

तिने भोपळ्याचा बाप्तिस्मा केला. एकदा, दोनदा. दुसऱ्या खेपेला भोपळा हातातून निसटला आणि बाकाखाली गेला.

"राहू दे," रेकारेदो म्हणाला. "भोपळ्यावर नीट कळत नाही. तूच बस इथे. बाळ म्हणून. मी करून दाखवतो."

एर्मिंदा हसली आणि मान पुढे करून बसली. रेकारेदोने चंबू उचलला. बेत सोपा होता. तिला वाटेल सराव चाललाय. तो मात्र मनापासून शब्द म्हणेल. पाणी खरं, शब्द खरे. दोन मिनिटांत एकेचाळीस वर्षांचं भोक बुजेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

"आधी प्रश्न असतात," तो म्हणाला. "बाळाच्या वतीने उत्तर द्यायचं. ख्रिस्तसभेकडे काय मागतेस?"

"विश्वास."

"विश्वास तुला काय देईल?"

"अनंतकाळचं जीवन. काका, मान दुखतेय. ओता की."

त्याने चंबू वाकवला. पाणी काठापर्यंत आलं.

ती विश्वास मागत होती, आणि तो तिला फसवत होता. खाली कणाच कुजका ठेवून वरून रंग लावावा, तसं. असली होडी त्याने आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

त्याने चंबू खाली ठेवला.

"काय झालं?" एर्मिंदाने मान वर केली. "बाळ फार बोलतं का?"

"पोरी, तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. फळी, दोन चंबू, वास, शिंक. काही लपवलं नाही. सांगताना तो बाकाखालच्या भोपळ्याकडे बघत होता.

एर्मिंदा ताठ बसली. मग म्हणाली, "एकेचाळीस वर्षं?"

"हो."

"आणि आत्ता मला न सांगता उरकणार होतात?"

"हो."

"भोपळ्याच्या जागी बसवून?"

"हो."

ती उठली. "आई मला लहानपणापासून सांगत आलीय, फिस्कालच्या विश्वासाने तू जगलीस. म्हणून मी या कामाला हो म्हटलं, काका. नाहीतर मला शिंपल्यांतून वेळ कुठे आहे?" तिने प्रार्थनेची वही बाकावर ठेवली आणि ती निघून गेली. रेकारेदो दारापर्यंत पोचला तेव्हा पिवळी होडी खाडीत शिरली होती.

आणि धुकं उतरलं. पाहता पाहता खाडी पुसली गेली.

रेकारेदो घंटेच्या दोरीला लटकला. गुडघे कुरकुरत होते, हात भरून येत होते. तो वाजवत राहिला. थोड्या वेळाने लास्तेनिया त्याचा मफलर घेऊन वर आली.

"अहो, बसून तरी वाजवा."

धापा टाकत, दोन ठोक्यांच्या मधे मधे, त्याने तिलाही सांगून टाकलं. आता काय राहिलं होतं?

लास्तेनिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही प्यायलेले नव्हता?"

"मी? ओठालासुद्धा लावली नव्हती!"

"बाहीला दारूचा वास येत होता. मला वाटलं, नवरा पिऊन बाप्तिस्मे करतोय. एकेचाळीस वर्षं रोज एक जपमाळ म्हणतेय मी, तुमची दारू सुटावी म्हणून!"

"मी पितच नाही!"

"मला वाटलं जपमाळेने सुटली!"

रेकारेदोने घंटेचे दोन ठोके चुकवले. लास्तेनियाने त्याच्या हातातून दोरी ओढून घेतली आणि स्वतः वाजवू लागली. मग दोघांनी पाळीपाळीने वाजवली.

तासाभराने, कदाचित जास्तच, चॅपेलच्या फळ्यांवर रबरी बूट वाजले. एर्मिंदा भिजलेली होती. तिने बाकावरची वही उचलली, बाक पुसला आणि बसली.

"आईला विचारून आले," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" रेकारेदोने विचारलं.

"हसली. म्हणाली, मला काय नाक नाही? आठवडाभर तुझं डोकं चिकट होतं. मांजर चाटायला यायचं."

"तिला माहीत होतं?"

"दारूचा चंबू तिनेच ठेवायला सांगितला होता. फिस्कालसाठी. म्हणाली, मी कधीच घाबरले नाही. येशूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला. माझ्या घरी उलटं केलं असेल, दारूचं पाणी. त्याला काय अवघड आहे?"

लास्तेनियाने स्वतःवर क्रूसाची खूण केली. हसू लपवायला ती बरी पडते.

"तुम्हाला हे एकदाही सुचलं नाही, काका?"

"सुचायचं," रेकारेदो म्हणाला. "सोमवारी सुचायचं. तू समुद्रावर गेलीस की जायचं."

"मग दर रविवारी आम्हाला काय सांगत होतात?"

"तेच. पण तुम्हाला. स्वतःला नाही."

एर्मिंदाने भिजलेली बाही पिळली. राग अजून होता, पण त्याची धार बोथट झाली होती. धुक्यात तासभर एका म्हाताऱ्याची घंटा ऐकत वल्ही मारल्यावर राग तरी किती टिकणार?

"मी एक विचारते," ती म्हणाली. "कणा नसला तर होडीचं काय होतं?"

"उलटते."

"एकेचाळीस वर्षं. एवढी वादळं. मी उलटले?"

त्रेचाळीस वर्षं तो प्रश्न विचारत आला होता. हा त्याला कुणी विचारला नव्हता.

"नाही," तो म्हणाला.

"मग कणा होता. त्या दिवशी तुम्ही देवाला हाक मारलीत, आईने मारली. नंतर मोठी झाल्यावर मी मारली. चंबूत काय होतं ते चंबूला माहीत. पाणी तेवढं राहिलंय. ते आता घाला."

"रविवारी फादर येतील. ते—"

"जिवाला धोका असेल तर फिस्काल करतो ना?"

"तुला कसला धोका?"

"मला नाही, तुम्हाला. माझी होडी दिसली की तुम्ही घंटा बडवणार, आणि एक दिवस त्या दोरीलाच लटकलेले सापडणार."

"ओता हो," लास्तेनिया म्हणाली. "मी धर्ममाता. हे पोरगं आता वाट बघणार नाही."

रेकारेदोने चंबू उचलला. एर्मिंदाने हात पुढे केला. "आधी इकडे द्या." तिने वास घेतला. घोट घेतला, तोंडात घोळवला. "पाणीच आहे," ती म्हणाली, आणि मान पुढे केली.

"काय मागतेस?"

"विश्वास."

"विश्वास तुला काय देईल?"

"पलीकडचा किनारा."

पुस्तकातलं उत्तर हे नव्हतं. रेकारेदोने दुरुस्त केलं नाही.

"एर्मिंदा, तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी—"

"नसेल काय?" लास्तेनिया मधेच म्हणाली. "झाला नाही म्हणालात ना?"

"शंका असली की असंच म्हणायचं असतं. देवाने त्या दिवशी काय केलं, ते आपल्याला काय माहीत?"

हे त्याच्या तोंडून निघालं, आणि तो स्वतःच थांबला. इतकी वर्षं शोधत होता ते वाक्य तयारच होतं. पुस्तकात. रोजच्या फळीवर.

मग त्याने ओतलं. पित्याच्या नावाने, पुत्राच्या नावाने, पवित्र आत्म्याच्या नावाने. निम्मं पाणी तिच्या बुटांत गेलं. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा एर्मिंदा शिंकली.

शनिवारी ती सणासाठी शिंपले आणायला गेली. दुपारी पुन्हा धुकं आलं. दाट, भिंतीसारखं. ती होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी थांबली आणि कान देऊन बसली. घंटा नाही. आणखी थोडी थांबली. नाही. मग अंदाजाने वल्ही मारली, एकदा खडकाला घासली, दोनदा शिव्या दिल्या, आणि शेवटी लागली किनाऱ्याला. तशीच तरातरा रेकारेदोच्या घरी आली. वाटेत तिला भलतेसलते विचार सुचले होते.

रेकारेदो चुलीशेजारच्या बाकावर आडवा होता. तोंड उघडं. घोरत होता.

"काका! घंटा!"

तो दचकून उठला. "काय? धुकं?"

"कधीचं!"

"झोप लागली," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

"दुपारचे कधी झोपले नाहीत," लास्तेनिया म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बघतेय. मला उठवावंसं वाटेना."

एर्मिंदा दारात उभी. बुटांतून पाणी गळतंय. "वा! माझं तारण झालं, म्हणून आता किनारा दाखवायचा नाही?"

रेकारेदो ओशाळून गुडघे चाचपू लागला. उठायच्या तयारीला त्याला वेळ लागायचा.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. तिने हात पुढे केला. "किल्ली द्या. रविवारपर्यंत थांबता येणार नाही. बाहेर अजून दोन होड्या आहेत."

त्याने गळ्यातली किल्ली काढून तिला दिली. ती धावत गेली. थोड्या वेळाने घंटा सुरू झाली.

रेकारेदो ऐकत राहिला. त्रेचाळीस वर्षांत ती त्याने खालून कधी ऐकली नव्हती.

"फार जोरात वाजवते," तो म्हणाला.

"झोपा," लास्तेनिया म्हणाली.

तो झोपला.